लांब कण्याची बोट आणि वरपक्षाचा मान

धाराशिव जिल्ह्यात समुद्र नाही, ही गोष्ट मला माहीत होती.

हे आधीच सांगितलेलं बरं. कारण आमच्या जळकोटात अजून बऱ्याच लोकांचा असा समज आहे की, मला ते ठाऊक नव्हतं म्हणून मी बोट बांधली. ठाऊक होतं हो! हायवेला माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो, गेट-ग्रील करतो. दुकानापुढून दिवसभर सोलापूर-हैदराबादच्या गाड्या धावतात. लाटांचा आवाज मला कधी आला नाही. एवढ्यावरून माणसाला कळतं.

घात केला तो मोबाईलनं. एका दुपारी लाईट गेली, काम बंद पडलं, म्हणून सहज उघडला तर एक गोरा म्हातारा, दाढी छातीपर्यंत, शिडाच्या बोटीत एकटाच बसून चहा पीत होता. चहूबाजूंनी घराएवढ्या लाटा आणि गडी एक थेंब न सांडता चहा पितोय! मग त्यानं बोटीचं गुपित सांगितलं (इंग्रजीत, पण खाली अक्षरं येत होती). ते गुपित म्हणजे लांब कणा.

लांब कणा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. (सुमन, म्हणजे माझी बायको, आतून ओरडतेय, ‘थोडक्यातच सांगा!’) बोटीच्या पोटाखाली पाण्यात एक जड कणा असतो. आजकालच्या हलक्या बोटींना तो मधेच तेवढा असतो, कोंबडीच्या तंगडीसारखा. जुन्या समुद्री बोटींना मात्र नाकापासून शेपटापर्यंत अखंड, आणि त्याच्या टोकाला सुकाणू. असल्या बोटीचे गुण काय? एकदा दिशा धरली की सोडत नाही. वाऱ्यानं कितीही कलली तरी उलटत नाही. गाळात टेकली तरी कण्यावर ताठ उभी राहते. वा! आणि अवगुण? म्हातारा अवगुण सांगायला लागला तेवढ्यात लाईट आली आणि मी कामाला लागलो.

बोट पुरी व्हायला तीन वर्षं लागली. चोवीस फूट, अख्खी लोखंडी. ट्रॉलीला लागतो तोच पत्रा, तेच अँगल. कण्यात वजन पाहिजे म्हणून दुकानातलं सगळं भंगार, कापलेले तुकडे, मोडके फाळ, जळालेल्या दोन मोटारी, आत टाकून वरून काँक्रीट ओतलं. शीड तुळजापूरच्या एका मंडपवाल्याकडून शिवून घेतलं. त्या माणसानं जन्मात झालरीशिवाय कापड शिवलेलं नव्हतं, त्यामुळं आमच्या शिडाला खालून लाल-पिवळी झालर आली. इंजिन शेतातल्या पंपाचं बसवलं. त्याला रिव्हर्स नव्हता. मी म्हणालो, नसू दे, आपल्याला मागं कुठं जायचंय!

नाव देवीचं द्यावं असं माझ्या मनात होतं. सुमन म्हणाली, ‘बुडाली म्हंजे? गावभर देवीचं नाव घिऊन सांगत बसनार व्हय?’ मग मी प्रेमानं तिचंच नाव द्यायचं ठरवलं. ‘म्हंजे म्या बुडाले तर चालतंय तुमाला!’ चार दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी बोट बिननावाची राहिली आणि गावानं तिला ‘लोखंडी म्हैस’ म्हणायला सुरुवात केली. दिवाळीत, पवनचक्क्या उभ्या करणाऱ्यांच्या क्रेननं उचलून, म्हैस गावाबाहेरच्या तलावात सोडली. तलाव तेव्हा तुडुंब भरलेला. मी बांबूनं जागोजागी खोली मोजली, वहीत नकाशा काढला. समुद्र पुढं कधीतरी, आधी तलाव, असा माझा बेत होता.

आता आमच्या रेवतीकडं येतो. रेवती चोवीस वर्षांची, एकुलती एक, सोलापूरला नोकरीला. तिच्याबरोबर कामाला असलेला निखिल आणि ती, दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि वर्षभर खपून दोन्ही घरच्यांना पटवलं. मुलाचे वडील दिगंबरराव. उमरग्याकडचे मोठे बागायतदार. पांढरी टोपी, पांढरा सदरा, धोतराला इस्त्री. देह असा की जीपमध्ये बसले की जीप त्या अंगाला झुकते. माणूस मोजकं बोलणारा. त्यांचा निरोप आला, ‘पोरगी बघितली, चांगली हाय. आता मान्सं बघायचीत. मान्सं पटली तर तिथंच सुपारी फोडू. न्हाय पटली तर राम राम.’

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी रेवती माझ्याजवळ येऊन बसली.

‘अण्णा, लई मुश्किलीनं जुळून आलंय. उद्या काही घोळ घालू नका.’

‘मी कशाला घोळ घालतोय?’

‘बोटीचा विषय काढू नका. बास. एवढंच मागते.’

पोरीचे डोळे भरले होते. मी तिथंच, देवीच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली की मी आपणहून बोटीचा विषय काढणार नाही.

आणि नाही काढला! दिगंबररावांनी काढला. चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले, ‘पाव्हणं, तुमी म्हणं जहाज बांधलंय?’

दारात रेवती उभी होती. ती माझ्याकडं बघून मान हलवत होती. नाही, नाही, नाही.

‘हाय आपलं ल्हानसं,’ मी म्हणालो.

‘बघू की मग कवातरी.’

‘कवातरी कशाला? आत्ता चला! आन् नुसतं बघायचं काय, बसूनच बघा!’

हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुढच्या पाच मिनिटांत मी जेवणसुद्धा तलावावर हलवलं. सुमननं पुरणाचं पातेलं, कटाची आमटी, भज्यांची कढई असं सगळं रिक्षात घालताना मला जे काही म्हटलं ते पाहुण्यांना ऐकू गेलं नाही, हे नशीब.

इथं आमच्या तात्यांची ओळख करून दिली पाहिजे. तात्या म्हणजे माझे थोरले बंधू. आमच्या भावकीत कुणाचंही लग्न असो, मानपानाचा कारभार तात्यांकडं. कुणाला लोड द्यायचा, कुणाला नुसती सतरंजी, कुणाच्या ताटात आधी वाढायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्याला बिनहातांची खुर्ची मिळाली म्हणून वरात दोन तास अडली होती, तेव्हापासून तात्या कुठल्याही कार्याला जाताना आधी खुर्च्या मोजतात. त्यांचा एकच मंत्र, ‘वरपक्ष वर, आपून खाली. जमिनीवर काय बी हू दे, सोयऱ्याच्या वरल्या अंगाला बसायचं न्हाय!’

तलावावर आल्या आल्या तात्यांनी मला बाजूला घेतलं. ‘बाळू, बोटीत वरली बाजू कंची?’

‘सरळ असती तवर दोन्ही सारख्याच. वारा लागला की कलती. वारा येतो ती बाजू वर जाती.’

‘झालं तर! पाव्हणं तिकडं बसवू.’

मी खूश झालो. कारण बोटीच्या शास्त्रातही वजन वरच्याच बाजूला पाहिजे! विज्ञान आणि मानपान इतकं एकमेकाला धरून आहे हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

चढायच्या आधी रेवतीनं सगळ्यांना थांबवलं. तिनं प्रत्येकाच्या पाठीपोटाला तेलाचे रिकामे, झाकण घट्ट लावलेले डबे दोरीनं बांधले, विहिरीत पोहायला शिकताना बांधतात तसे. ‘डबे बांधल्याशिवाय कुणी चढायचं नाही,’ ती म्हणाली, आणि दिगंबरराव, इस्त्रीचा सदरा आणि त्याच्यावर दोन पिवळे डबे, मुकाट उभे राहिले. निखिलनं आपल्या आईला, शकुंतलाबाईंना, हात धरून सांडव्याच्या भिंतीवरून बोटीत उतरवलं. मी सुकाणूच्या दांड्याशी. तात्यांनी वरपक्षाची तिन्ही माणसं वाऱ्याच्या बाजूला बसवली आणि रेवतीला घेऊन स्वतः समोर बसले. सुमन काठावर लिंबाखाली, कढईपाशी.

शीड उघडलं. झालर फडफडली. वारा भरला आणि म्हैस चालू लागली!

काय सांगू तुम्हाला! चार टन लोखंड, पण कापसासारखं निघालं. आमची बाजू खाली गेली, पाहुण्यांची वर गेली. दिगंबरराव गादीवर बसल्यासारखे उंचावर आणि तात्या खाली हात जोडून. बोट जरा म्हणून हलत नव्हती. मी सुकाणू सोडून दोन्ही हात वर करून दाखवले. ‘बघा पाव्हणं! हात लावायची गरज न्हाय! लांब कणा! एकदा दिशा धरली की सोडत न्हाय!’

‘ब्येस हाय,’ दिगंबरराव म्हणाले. त्यांच्या मानानं हे मोठंच भाषण. रेवतीच्या चेहऱ्यावरही जरा रंग आला. माझी छाती अशी फुगली की अंगावरचे डबे आवळायला लागले.

एवढ्यात समोरचा काठ दिसायला लागला.

समुद्रात एक बरं असतं, समोरचा काठ नसतो. तलावात असतो, आणि तो जवळ यायला लागला होता. वळायचं म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून फिरवून दुसरीकडं न्यायचं. मी दांडा ढकलला. काही झालं नाही. आणखी ढकलला. म्हशीनं फक्त मान जराशी हलवल्यासारखं केलं. हलकी बोट असती तर गर्रकन फिरली असती. ही आमची, एवढा लांब कणा पाण्यातून आडवा ढकलायचा, वळायला गावजेवणाएवढा वेळ घेत होती. आता म्हाताऱ्यानं कुठले अवगुण सांगायला घेतले होते ते माझ्या लक्षात यायला लागलं.

‘फिरती ना?’ दिगंबररावांनी विचारलं.

‘फिरती की! विचार करून फिरती!’

शेवटी फिरली. आणि फिरली तेव्हा शीड या बाजूचं त्या बाजूला गेलं, त्याच्याबरोबर शिडाखालची आडवी काठी गेली, आणि त्या काठीबरोबर दिगंबररावांची टोपी गेली. सरळ तलावात! डोक्याला नखसुद्धा लागलं नाही, पण टोपी गेली. सोयरिकीच्या बोलणीला आलेल्या वरबापाचं डोकं उघडं! तात्यांनी डोळे मिटून घेतले.

पण याहून भयंकर गोष्ट अजून कुणाच्या ध्यानात आली नव्हती. वारा आता दुसऱ्या अंगानं येत होता. म्हणजे वरची बाजू खाली आणि खालची वर. तात्यांनी डोळे उघडले तर ते स्वतः उंचावर बसलेले, आणि खाली, पाण्याला टेकायच्या बेतात, बोडक्या डोक्याचे दिगंबरराव त्यांच्याकडं मान वर करून बघतायत!

‘अरं देवा!’ तात्या किंचाळले आणि वरबापाच्या वर बसायला नको म्हणून त्यांनी धाडकन खालच्या बाजूला उडी घेतली. रेवतीलाही ओढलं. सहापैकी पाच माणसं एका अंगाला! बोट अशी कलली की तलावाचं पाणी आत आलं आणि इस्त्रीच्या धोतरातून गुडघ्यापर्यंत चढलं.

‘तात्या, वर जावा!’ मी ओरडलो.

‘म्या कसा जाऊ? पाव्हण्यांना वर धाड!’

‘मग पाव्हण्यांना धाडा, पण कुणीतरी जावा!’

पाहुण्यांना वर चढवलं. दिगंबररावांना निखिलनं मागून ढकललं, तात्यांनी पुढून ओढलं. शकुंतलाबाई पदर खोचून आपल्या आपण चढल्या. सगळे स्थिरस्थावर झाले, मी दम टाकला, आणि पुढं बघतो तर दुसरा काठ! (तलाव लहानच आहे. दिवाळीत मोठा वाटला होता.) पुन्हा वळवणं आलं. पुन्हा वर खाली, खाली वर. पुन्हा तात्यांची आरोळी, ‘वरपक्ष वर!’ आणि पुन्हा डब्यांवर डबे आपटत सगळी वरात इकडून तिकडं. काठावरच्या गुराख्यांना वाटलं आम्ही संगीत खुर्ची खेळतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्यांदा काठ आला तेव्हा तात्या टेकीला आले होते. त्यांनी सगळी बोट न्याहाळली आणि एक जागा हेरली. अगदी मागं, मधोमध, जिथं ना वर ना खाली. तिथं त्यांनी मांडी ठोकली. ‘आता मला हलवायचं न्हाय. हितं मान बी जात न्हाय, अपमान बी होत न्हाय.’

ती जागा सुकाणूच्या दांड्याची होती.

‘तात्या, उठा!’

‘म्या उठनार न्हाय.’

‘तात्या, दांडा फिरत न्हाय!’

‘पाच मिन्टं सरळ जाऊ दे की! कुटं आग लागलीया?’

लांब कण्याची बोट सरळ कशी जाते ते मी मघाशीच सांगितलं. ती तशीच गेली. माझ्या नकाशात तिथं आठ फूट पाणी होतं. बोटीचा कणा साडेतीन फूट. काळजीचं कारण नव्हतं. तरीपण खालून ‘धप्प’ असा आवाज आला, म्हैस एकदा पुढं झुकली आणि गपकन थांबली.

‘पाणी कवा मोजलंतं?’ दिगंबररावांनी विचारलं.

‘दिवाळीत.’

‘आता कंचा महिना हाय?’

‘फेब्रुवारी.’

‘रब्बीला मोटारी सुरू झाल्या त्याला किती महिनं झालं?’

सगळ्या तलावाभोवती पंप धडधडत होते. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस मी! लहान पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं की पाणी उतरलंय. पण आमची मान मोबाईलातल्या त्या म्हाताऱ्यावरून वर निघेल तर ना! काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, ‘पण बघा, कशी ताठ उभी हाय! दुसरी बोट असती तर आडवी झाली असती. लांब कणा!’

कुणीच ‘ब्येस हाय’ म्हणालं नाही.

मी पंपाचं इंजिन चालू केलं. त्याला पुढं जाणं एवढंच माहीत. त्यानं बोट आणखी हातभर गाळात घातली आणि माझ्या तोंडावर काळा धूर सोडून ते बंद पडलं. काठावरून सुमनची हाक आली, ‘अहो, भजी तळू का थांबू?’

‘थांब!’

‘पीठ सैल व्हायलंय!’

मग रेवती बोलली. तीन वर्षं माझी बडबड ऐकून तिला बोटीचं शास्त्र माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं होतं. ‘खाली कुणी उतरू नका, गाळात माणूस रुतून बसेल. बोट एका बाजूला कलवली तर कणा तिरपा होऊन गाळातून सुटेल. शीड वरच आहे, वारा ओढेल. सगळ्यांनी वाऱ्याच्या उलट बाजूला बसायचं. खालच्या बाजूला. एकमेकांना चिकटून. सगळ्यांनी.’

‘सगळ्यांनी’ या शब्दावर सगळ्यांनी दिगंबररावांकडं बघितलं.

‘म्या न्हाय,’ ते म्हणाले. ‘टोपी गेली, धोतार भिजलं, गप बसलो. पन सुपारी फुटायच्या आदी पोरीकडच्यांच्या मांडीला मांडी लावून खाली बसनार न्हाय. आमच्यात रीत न्हाय.’

‘बराबर हाय त्यांचं!’ तात्या म्हणाले.

‘तात्या, तुमी कुणाकडनं हाय?’ मी विचारलं.

‘म्या रीतीकडनं हाय!’

निखिल खाली येऊन बसला. तात्याही दांड्यावरून उठून आले. शकुंतलाबाईंनी नवऱ्याकडं एकदा बघितलं, काठावरच्या कढईकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, ‘मला भूक लागलीया. म्या चालले खाली.’ त्या येऊन रेवतीला खेटून बसल्या. आम्ही पाच जण एका रांगेत, डब्याला डबा लावून, बाहेर वाकून बसलो. समोर एकटे दिगंबरराव. बोट जराशी हलली, कलायला लागली... आणि थांबली. आमचं पाच जणांचं वजन आणि त्यांचं एकट्याचं, काटा अगदी मधोमध!

तास गेला. दिगंबरराव हाताची घडी घालून समोरच्या डोंगराकडं बघत होते. रेवती माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, ‘अण्णा, तुम्ही एकदा ठरवलं की कुणाचं ऐकतच नाही. आता मोडणार सगळं.’ तिचा आवाज रडवेला झाला होता. मला इतकी लाज वाटली की, म्हैस तिथंच बुडावी आणि त्यात फक्त मी असावं, असं वाटलं. तीन वर्षं मी पत्रा ठोकत बसलो, पोरगी वर्षभर दोन घरं जोडत बसली, आणि मी एका दुपारीत तिचं सगळं गाळात नेऊन घातलं.

‘पाव्हणं, माफ करा,’ मी म्हणालो. ‘चूक माझी. पोरीचा काय बी दोष न्हाय. ती न्हाय न्हाय म्हणत होती.’

दिगंबररावांनी डोंगरावरची नजर काढली नाही. पण त्यांनी पाय बदलला. मग पुन्हा बदलला. मग घडी सोडली, मग पुन्हा घातली. त्यांच्या कपाळावर घाम आला.

‘काय झालं?’ शकुंतलाबाईंनी विचारलं.

‘काय न्हाय.’

‘मग वळवळ कशाला करताय?’

‘मला... जरा... जायचंय.’

‘कुटं?’ तात्यांनी विचारलं.

‘जायचंय म्हणलं ना!’

घरी स्वयंपाक रिक्षात चढेपर्यंत त्यांचे तीन चहा आणि एक तांब्याभर ताक झालं होतं. बोटीवर बायको, होणारी सून, आणि चारी बाजूंना उघडं आभाळ. काठावर गुराखी अजून टाळ्या वाजवायच्या तयारीत बसलेले. दिगंबररावांनी एकवार वर बघितलं, एकवार खाली बघितलं. मग ते उठले, डगमगत खाली आले आणि माझ्या आणि तात्यांच्या मधे, मांडीला मांडी लावून, धप्पकन बसले.

बोट कलली. खालून ‘पचाक’ असा आवाज आला, चिखलाचे बुडबुडे उठले, वारा शिडात भरला आणि म्हैस सुटली!

आणि सुटताना तिचं नाक असं फिरलं की निघाली ती सरळ आमच्याच काठाच्या दिशेनं, सुमनच्या कढईवर नेम धरून. मी दांड्याकडं धावलो. ‘थांबा, फिरवतो!’

‘खबरदार फिरवलीसा तर!’ दिगंबरराव गरजले. ‘सरळ जाऊ द्या! हलवू नका! सरळ!’

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी लांब कण्याची खरी किंमत ओळखली होती. मी दांडा सोडून दिला. म्हशीनं नाक काही वाकडं केलं नाही. सुमन कढई घेऊन बाजूला पळाली, दोन म्हशी (खऱ्या) पाण्यातून उठून पळाल्या आणि आमची बोट काठापासून दहा हातांवर चिखलात घुसून, ताठ, उभी राहिली. ती थांबायच्या आधीच दिगंबररावांनी कमरेएवढ्या पाण्यात उडी घेतली. बोडकं डोकं, पाठीवर पिवळा डबा, पोटावर पिवळा डबा, धोतर वर धरून एवढा मोठा माणूस वेड्या बाभळींच्या झुडपात ज्या वेगानं पळाला, तो वेग आमच्या बोटीला वाऱ्यानंसुद्धा कधी दिला नाही.

परत आले तेव्हा चेहरा शांत होता. हात धुतले. तात्यांनी लिंबाखाली दोन सतरंज्या घातल्या होत्या, एक वरपक्षाची, लोडासकट, आणि एक आमची. दिगंबरराव जवळची बघून सरळ आमच्या सतरंजीवर बसले. तात्यांनी तोंड उघडलं, पण शकुंतलाबाईंनी त्यांच्या हातात भज्यांची ताटली दिली.

मधे तबक होतं, तबकात पान, हळद-कुंकू आणि सुपारी. रेवती सतरंजीचा दोरा ओढत खाली बघत होती. निखिलची भजी हातातच राहिली होती.

‘पाव्हणं,’ दिगंबरराव म्हणाले, ‘मान्सं बघायची व्हती, ती बघितली. तुमी मनानं वाईट न्हाय. पन एकच इच्यारतो, खरं सांगायचं. ही पोरगी सोभावानं कुणावर गेलीया? तुमच्यावर, का आईवर?’

काय सांगू! पोर जन्मली त्या दिवसापासून मी अख्ख्या तालुक्याला सांगत आलोय की रेवती सही सही माझ्यावर गेलीय. ती पहिली आली, माझ्यावर गेली. ती सायकलवरून पडली आणि रडली नाही, माझ्यावर गेली. यावरून सुमनशी माझी कितीतरी भांडणं झालीयत. सुमन झारा हातात घेऊन उभी होती आणि माझ्या तोंडाकडं बघत होती. रेवतीही बघत होती. तात्यांनी चावायचं थांबवलं होतं.

‘आईवर,’ मी म्हणालो.

‘नीट आठवून सांगा.’

‘आईवर हो! नाक, डोळे, अक्कल, सोभाव, सगळं आईवर! माझं तिच्यात काय म्हणून काय न्हाय! मी नुसता नावाला हाय!’

दिगंबररावांनी मान डोलावली. पहिल्यांदा हसले. तबक पुढं ओढलं.

‘मग फोडा सुपारी,’ ते म्हणाले, आणि मी घाईनं हात पुढं केला तसा त्यांनी माझा हात धरला. ‘तुमी ऱ्हाऊ द्या. पोरीच्या आईला फोडू द्या.’